फियाट ११०० डिलाइटचा मूळ रेडिएटर: तपासणी, निर्णय आणि दुरुस्ती

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट असून ती पहिल्यापासून पुण्यातील एकाच कुटुंबाकडे आहे. मालकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे. असे हेड एकदा अति तापले की ते वाकते, आणि मग रेडिएटरच्या किरकोळ दुखण्यापायी सगळे इंजिन उघडावे लागते.

रेडिएटर मूळचाच होता. वरच्या टाकीवर डाखाने बसवलेली निर्मात्याची छोटी पितळी पट्टी शाबूत होती आणि चौकटीचे बोल्ट त्यांच्या मूळ भोकांत बसले होते. रचना त्या काळाला साजेशी होती: वर आणि खाली पितळी टाकी, त्यांच्यामध्ये चपट्या पितळी नळ्यांच्या तीन ओळी, नळ्यांना चिकटलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी, आणि हे सगळे कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले.

गाडी बरीच वर्षे पार्किंगमध्ये उभी होती. ती पुन्हा चालू केली तेव्हा एका गॅरेजमध्ये रेडिएटरमधून पाण्याचा पाइप सोडून तो 'साफ' करण्यात आला आणि सोसायटीच्या बोअरचे पाणी भरण्यात आले. कूलंट, म्हणजे गोठणे आणि गंज रोखणारे मिश्रण, घातले गेले नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, त्याच्याही आधी केव्हातरी कोणीतरी काढून टाकला होता आणि त्याचे घर रिकामेच होते. जुन्या गाड्यांत ही गोष्ट इतक्या सर्रास आढळते की थर्मोस्टॅट जागेवर दिसला तरच आश्चर्य वाटावे.

समस्या

शहरात, सकाळच्या वेळी, गाडीची काहीच तक्रार नव्हती. वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीच्या घाटात मात्र निम्म्या चढावर पाणी उकळून टोपणाखालच्या नळीतून बाहेर येई. गाडी थांबवून, बॉनेट उघडून, इंजिन निवल्यावर पाणी भरले की ती पुढे जाई आणि पुन्हा तापे. खाली उतरल्यावर वरच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी हिरवट-पांढरा ओघळ दिसू लागला होता.

घाटात दोन गोष्टी एकाच वेळी उलट जातात, हे इथे नोंदवायला हवे. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीने चढणाऱ्या इंजिनाची उष्णता वाढते आणि वेग कमी असल्याने समोरून मिळणारा वारा घटतो. शिवाय पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांऐवजी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. पुण्यात ज्या गाडीला दोन-अडीच अंशांची सवलत होती, तिची ती सवलत घाटमाथ्यावर संपते.

गॅरेजच्या मिस्त्रींचे मत ठाम होते: "रेडिएटर गेला, ॲल्युमिनियमचा टाका." मालकांना मूळ रेडिएटर जपायचा होता, पण दरवेळी रस्त्यात उभे राहायची त्यांची तयारी नव्हती. प्रस्तुत लेखकाचा सहभाग या टप्प्यापासून, तपासणीचा क्रम ठरवणे आणि नोंदी ठेवणे एवढ्यापुरता होता.

गाडीवरच केलेली तपासणी

पहिला निर्णय असा झाला की रेडिएटर खाली उतरवण्यापूर्वी दोष त्याचाच आहे याची खात्री करून घ्यायची. इग्निशनचे टायमिंग, पंख्याचा पट्टा आणि वॉटर पंपाची दांडी पाहून झाली; त्यांत काही आढळले नाही. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमधील वायू पाण्यात मिसळतो का, हे निळ्या द्रावाच्या चाचणीने पाहिले. रेडिएटरच्या तोंडातील हवा या द्रावातून ओढली की ज्वलनातील कार्बन डायऑक्साइडमुळे तो पिवळा पडतो. येथे तो निळाच राहिला, म्हणजे इंजिनावरचा संशय मिटला. त्यानंतर थर्मोस्टॅटच्या रिकाम्या घरात नवा थर्मोस्टॅट बसवला, कारण तो नसताना घेतलेल्या तापमानांची पुढच्या नोंदींशी तुलनाच होऊ शकली नसती.

टोपणाकडे तोवर कोणाचेच लक्ष गेले नव्हते. ते एखाद्या आधुनिक गाडीचे होते आणि त्यावर ०.९ बार, म्हणजे दर चौरस इंचाला साधारण १३ पौंड दाबाचा आकडा होता. बंद व्यवस्थेत दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून जास्त दाबाचे टोपण लावले की गाडी उकळायची थांबते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पाणी उशिरा उकळते, पण तेवढा दाब जुन्या डाखावर आणि पातळ पितळी टाकीवर येतो. डाव्या कोपऱ्यातील ओघळ याच टोपणाची देणगी असावी असा अंदाज होता आणि हातपंपाने दाब देऊन पाहिल्यावर तो खरा ठरला: थंड रेडिएटरमध्ये ४ पौंडांवर काटा पंधरा मिनिटे हलला नाही, ७ पौंडांवर तो हळूहळू उतरू लागला आणि नेमका तोच कोपरा ओला झाला. १३ पौंडांपर्यंत आम्ही गेलोच नाही. मूळ टोपण हरवलेले असताना चाचणी खालच्या दाबापासून सुरू करायची आणि जिथे उत्तर मिळेल तिथे थांबायचे, एवढा संयम जुन्या टाकीसाठी आवश्यक असतो.

यानंतर तापमाने घेतली. चकचकीत पितळावर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटे, कमी आकडे दाखवतो, म्हणून दोन्ही टाक्यांवर आणि जाळीच्या चौकटीलगत काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले. इंजिन तापवून, मध्यम गतीवर धरून पाहिले तेव्हा वरची टाकी ९४ अंशांवर होती आणि खालची ५३ वर.

हा आकडा पाहून मिस्त्रींनी मतच बदलले. एवढे गरम पाणी एवढे थंड होऊन निघते, म्हणजे रेडिएटर उत्तम काम करतो आहे, असे ते म्हणाले. हा गैरसमज अनुभवी माणसांचाही होतो. रेडिएटरने फेकलेली उष्णता ही पाण्याचा प्रवाह आणि वर-खालच्या तापमानांतील फरक या दोन्हींवर ठरते. पाणी भरपूर फिरत असेल तर ते एका फेरीत थोडेच निवते, दहा अंशांच्या आसपास, पण फेऱ्या पुष्कळ होतात. फरक चाळीसच्या घरात गेला, तर थोडेसेच पाणी रेंगाळत खाली उतरते आहे आणि बाकीचे इंजिनातच तापत बसले आहे, असा त्याचा अर्थ होतो. जाळीवर आडवा थर्मामीटर फिरवल्यावर उजव्या बाजूला उभे थंड पट्टे सापडले. त्या पट्ट्यांतील नळ्यांतून पाणी जातच नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर सर्वांत स्वस्त पडत होता आणि वेळही वाचणार होता. मात्र त्याला बसवण्यासाठी चौकटीत नवी भोके पाडावी लागली असती, होसचे, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्यांचे, कोन बदलले असते आणि बॉनेट उघडताच गाडीचा चेहरा वेगळा दिसला असता. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता बरीच अधिक वाहून नेते, त्यामुळे धातूच्या हिशेबात मूळ रचना कमी प्रतीची नव्हती. ती फक्त तुंबली होती.

जुन्या टॅक्सीचा रेडिएटर आणणे हा पर्याय मालकांनीच सुचवला. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ मध्ये कायमच्या गेल्या आणि त्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतात, हे खरे आहे. पण टॅक्सीचा रेडिएटर म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक किलोमीटर चाललेला, कितीदा डाखलेला हे माहीत नसलेला भाग. तो पाहावा, जमल्यास टाकीचे किंवा चौकटीचे सुटे अंग म्हणून घेऊन ठेवावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये असे ठरले.

गाडीवरच रसायन घालून धुणे हा तिसरा मार्ग. नळ्यांमध्ये पातळ थर असेल तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण तो विरघळवते. पूर्ण बंद झालेल्या नळीत मात्र द्रावण शिरतच नाही. ते मोकळ्या नळ्यांतूनच फिरत राहते. शिवाय ब्लॉकमधील गाळ सुटून नेमका रेडिएटरच्या वरच्या तोंडाशी येऊन बसतो. आधीच्या गॅरेजमध्ये पाणी सोडून केलेल्या सफाईने हेच झाले असण्याची शक्यता दिसत होती.

राहिले दोन पर्याय: वरची टाकी उतरवून नळ्यांत पट्टी घालून त्या मोकळ्या करणे, किंवा मूळ टाक्या, चौकट आणि निर्मात्याची पट्टी ठेवून मधली जाळी नवी बनवून घेणे. मालकांचा ओढा अर्थातच पहिल्याकडे होता. येथे एक गोष्ट आधीच कागदावर लिहून ठेवली आणि तिचा पुढे फार उपयोग झाला: सफाईनंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त नळ्या गळू लागल्या किंवा बंद करून टाकाव्या लागल्या, अथवा तांब्याच्या पट्ट्या नळ्यांपासून सुटलेल्या आढळल्या, तर जुन्या जाळीचा आग्रह सोडायचा. टाकी उघडून समोर ठेवल्यावर, 'आणखी दोन नळ्या डाखून पाहू' असे म्हणत माणूस वाहवत जातो.

केलेली कार्यवाही

काम नाना पेठेतील एका जुन्या रेडिएटर कारागिरांकडे सोपवले. मालक त्यांना चाचा म्हणत आणि पुढे तेच नाव सर्वांच्या तोंडी बसले. उतरवण्यापूर्वी जाळी आणि पंखा यांमधील अंतर, होसच्या तोंडांचे कोन आणि चौकटीची मापे घेतली, छायाचित्रे काढली. कोरडा रेडिएटर तराजूवर ठेवून त्याचे वजन लिहून घेतले.

चाचांच्या दुकानात पहिली अडचण हौदाच्या चाचणीची आली. रेडिएटरची तोंडे रबरी बुचांनी बंद करून, हौदात बुडवून, कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि बुडबुडे पाहायचे ही नेहमीची रीत. कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभर पौंडांहून अधिक दाब असतो आणि तो किती सोडायचा हे केवळ हाताच्या अंदाजावर चालते. चाचांचा अंदाज चांगला असेलही, पण या टाकीसाठी मध्ये रेग्युलेटर आणि काटा बसवावा अशी विनंती केली. "साहेब, चाळीस वर्षं असंच करतोय," असे म्हणत का होईना, त्यांनी तो बसवला.

वरची टाकी उतरवल्यावर तळाचा पितळी पत्रा उघडा झाला, त्यात नळ्यांची तोंडे ओळीने दिसू लागली. डावीकडची तोंडे काळसर पण मोकळी होती. उजवीकडे जवळपास एक तृतीयांश तोंडांवर तांबूस चिखल वाळून घट्ट बसला होता आणि त्याखाली, आत, तांब्याच्या बंबात बोअरच्या पाण्याने धरतो तसा पांढरा कठीण थर होता. असा थर पितळाच्या जेमतेम एक-दोन टक्के उष्णता वाहतो, त्यामुळे नळी अर्धी उघडी असली तरी ती निम्मे काम करते असे धरता येत नाही.

चाचांनी पोलादाची चपटी पट्टी प्रत्येक नळीत वरून घातली. मोकळ्या नळीत ती आपल्या वजनाने खाली सरकते. बंद नळीत ती अडते, मग थोडे मागे घेऊन, थोडे पुढे ढकलून वाट काढावी लागते, आणि जोर चुकला तर शिवण फाटते. सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात भिजवून हे काम पुन्हा केले. कोरडे वजन सुमारे ६०० ग्रॅमने घटले होते. तेवढा ऐवज त्या नळ्यांमध्ये साचला होता.

यानंतर तात्पुरती बुचे लावून रेग्युलेटरच्या ४ पौंडांवर हौदात बुडवले. उजव्या बाजूच्या नळ्यांतून वेगवेगळ्या उंचीवर बुडबुड्यांच्या माळा निघाल्या. गळणाऱ्या नळ्या मोजल्यावर त्या दहा टक्क्यांच्या मर्यादेच्या किंचित खाली भरल्या आणि मालकांचा चेहरा उजळला. पण दुसरी अट बाकी होती. चाचांनी खालच्या भागातील तांब्याच्या पट्टीवर अंगठा घासला, तर पट्टी हिरव्या भुकटीसारखी हातात आली. आणखी चार ठिकाणी पाहिले. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात पट्ट्या नळ्यांना नुसत्या टेकल्या होत्या, चिकटलेल्या नव्हत्या. नळीतील उष्णता पट्टीत जाण्याचा मार्गच तुटला होता. नळ्या कितीही साफ केल्या तरी हा भाग काम करणार नव्हता, आणि तो नव्याने डाखणे शक्य नव्हते.

हा प्रकरणातील सर्वांत कठीण निर्णय होता. जाळी बदलली तर रेडिएटर मूळ म्हणवेल का, असा मालकांचा प्रश्न होता. लेखकाच्या मते जाळी हा रेडिएटरचा झिजणारा भाग आहे; त्या काळातही ती बदलली जाईल असे गृहीत धरूनच टाक्या डाखाने जोडलेल्या असत. मालकांना हे तत्काळ पटले नाही. शेवटी लिहून ठेवलेली अटच कामी आली आणि नव्या जाळीला त्यांनी होकार दिला.

चाचांनी तीनऐवजी चार ओळींची जाळी सुचवली, 'म्हणजे घाटाची चिंताच नको'. ती नाकारली. जाडी वाढली असती तर पंखा आणि जाळी यांच्यातील आधीच अपुरे अंतर आणखी घटले असते. शिवाय पट्ट्याने फिरणारा छोटा पंखा जाड जाळीतून हवा तितक्याच सहजतेने ओढू शकत नाही. मागच्या ओळीला समोरच्या ओळींनी तापवलेलीच हवा मिळते. मूळ तीन ओळी आणि पट्ट्यांची मूळ दाटी कायम ठेवली.

टाक्यांचे काम पाहण्यासारखे होते. आतून लाकडी ठोकळा धरून पोचे काढले. मग चाचांनी दोन्ही कडा घासून, जस्त मारलेले ॲसिड काडीला गुंडाळलेल्या चिंधीने लावून, प्रथम कडांना नुसते कथील पाजले. पितळ पिवळ्याचे रुपेरी झाले, त्यावर कुठेही काळा ठिपका उरला नाही, तेव्हाच टाकी जाळीवर बसवली आणि कडेकडेने डाख सोडला. तोंडाचा गळा आणि निर्मात्याची पट्टी यांच्या जुन्या जोडांवर ओल्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, कारण शेजारी ज्योत आली की ते जोड सुटतात. काम झाल्यावर ॲसिडचा अंश सोड्याच्या पाण्याने आत-बाहेर धुऊन काढला. हे धुणे राहिले, तर महिन्याभरात त्याच जोडाला हिरवी बुरशी धरते.

रंगासाठी कोणीतरी पावडर कोटिंग सुचवले. ते भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर पक्के होते आणि कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून वितळू लागतो. तेव्हा त्यावर चर्चा लांबली नाही. फवाऱ्याने काळ्या रंगाचा एकच पातळ हात दिला. जाड रंग जाळीला पांघरूण घालतो.

रेडिएटर परत बसवण्यापूर्वी ब्लॉक धुतला. ब्लॉकच्या नळाचे भोक इतके बुजले होते की नळ काढूनही पाणी आले नाही; तार घालून ढवळल्यावर गंजाचा लाल चिखल बाहेर पडला. हा चिखल मागे ठेवून नवी जाळी जोडली असती तर वर्षभरात तिची तीच गत झाली असती. उरलासुरला गाळ अडवण्यासाठी वरच्या होसमध्ये पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा सुरुवातीचे काही दिवस ठेवला आणि तो वेळोवेळी काढून धुतला.

भरण्यासाठी डिमिनरलाइज्ड पाणी आणि जुन्या, अकार्बनी गंजरोधकांचे एथिलीन ग्लायकॉल कूलंट वापरले. दीर्घकाळ चालणारी आधुनिक सेंद्रिय आम्लांची कूलंट आधुनिक ॲल्युमिनियमसाठी चांगली असली, तरी शिशाच्या डाखाच्या जुन्या व्यवस्थेत ती टाळलेली बरी. पुण्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट लागत नाही, हा युक्तिवाद या गाडीला चांगलाच महागात पडला होता; येथे त्याची गरज गंज रोखण्यासाठी आहे. टोपण ४ पौंडांचे निवडले. त्याने पाचगणीच्या उंचीवर उत्कलनबिंदू ९६ वरून सुमारे १०३ अंशांवर जातो. नव्या जोडांवर ७ पौंड चालले असते, पण होस, वॉटर पंप आणि मूळ टाकीचा पत्रा जुनेच होते.

परिणाम

मे महिन्यात, दुपारी, गाडी पुन्हा पसरणीच्या घाटाने नेली. घाटमाथ्यावर वरची टाकी ९० अंशांवर आणि खालची ८० च्या किंचित वर होती. पाण्याची पातळी खाली गेली नाही. दाबाची चाचणी दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा घेतली तेव्हा काटा स्थिर होता. एकूण खर्च ॲल्युमिनियमच्या नव्या रेडिएटरच्या जवळपास दुप्पट आला.

शहरातील गर्दीत मात्र पूर्ण समाधान नाही. बराच वेळ सिग्नलला उभे राहिल्यावर तापमान अजूनही चढते, कारण निष्क्रिय गतीवर पट्ट्याचा पंखा मंद फिरतो आणि त्याच्याभोवती हवा जाळीतूनच ओढली जावी असे आवरण नाही. रेडिएटर बदलून हे सुटणारे नव्हते आणि तसे मालकांना आधीच सांगितले होते.

काय वेगळे करता आले असते

टोपण पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते. गाडी उभी राहू लागल्यावर कोणीही केवळ त्यावरचा आकडा वाचला असता, तर डाव्या कोपऱ्याचा डाख कदाचित तगला असता. ब्लॉक आधी धुऊन मग रेडिएटर जोडायचा हा क्रम पहिल्या गॅरेजमध्ये पाळला असता तर उजव्या बाजूच्या किती नळ्या वाचल्या असत्या हे सांगता येत नाही; तांब्याच्या पट्ट्या मात्र तरीही गेल्याच असत्या. पट्ट्यांची अंगठ्याने तपासणी टाकी उतरवण्याआधी, गाडीवरच, समोरची ग्रिल काढून करता येण्यासारखी होती. ती केली असती तर नळ्यांमध्ये पट्टी घालण्याची आणि भिजवण्याची मजुरी वाचली असती. नळ्या हा एकच प्रश्न आहे असे सर्वांनी धरल्यामुळे तिकडे उशिरा लक्ष गेले.

दाबाचा काटा न लावता हौदात बुडवायला नकार देणे योग्यच होते, आणि पुन्हा प्रसंग आला तर तो नकार काम देण्यापूर्वीच, ठरावाच्या वेळी, सांगावा.

पंख्याच्या आवरणाबद्दल दोन मते आहेत. समोर छोटा विजेचा पंखा लावून तो गर्दीपुरता चालवावा असे मिस्त्री म्हणतात. त्यासाठी डायनॅमोवर पडणारा भार मोजावा लागेल. चाचांच्या मते पत्र्याचे साधे आवरण, मूळ चौकटीच्या बोल्टांवरच अडकवून, नवे भोक न पाडता बसेल. मालकांनी आवरणाचा पुठ्ठ्याचा नमुना करून घेतला आहे. तो पुठ्ठा तात्पुरता लावून, सिग्नलला उभे असताना वरच्या आणि खालच्या टाकीची तापमाने पुन्हा लिहून घेतली जातील, आणि त्यात पुरेसा फरक दिसला तरच पत्रा कापला जाईल.